साबिरीन आणि दुसरा खांब

आमच्या कचेरीत झेंडा चढवायचं आणि उतरवायचं काम साबिरीनचं. त्याच्या कामांची यादी मीच टाइप केली होती, त्यामुळे मला तोंडपाठ आहे: फाटक उघडणे, झेंडा चढवणे, अंगण झाडणे, साहेबांची कॉफी, झेंडा उतरवणे, फाटक लावणे. झेंडा एकच, इंडोनेशियाचा लाल-पांढरा. खांबही एकच. सात वर्षं हे सुरळीत चाललं होतं, आणि साबिरीनइतका नेमका माणूस अख्ख्या कुआला लाम्पोहमध्ये शोधून सापडला नसता. आभाळ नुसतं काळवंडलं तरी हा खांबाकडे धावायचा. घरी वाळत घातलेली साळ भिजली तरी चालेल, सरकारचं कापड भिजता कामा नये.

मग २०१३ साली बांदा आचेतल्या आमच्या प्रांताच्या विधानसभेनं आचेच्या झेंड्याचा कायदा केला. लाल कापड, मधे पांढरी चंद्रकोर आणि तारा, वर-खाली काळे पट्टे. हा झेंडा म्हणजे काय, हे आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. डोंगरातली माणसं तो घेऊन वेगळ्या आचेसाठी तीसेक वर्षं लढली. तो घरात सापडला म्हणून घरं जळली. पुढे तह झाला, डोंगरातली माणसं खाली आली, निवडणुका लढून खुर्च्यांवर बसली, आणि तोच झेंडा त्यांनी प्रांताचा म्हणून ठरवला. सरकारी कचेऱ्यांवर तो लाल-पांढऱ्याच्या शेजारी लावायचा, मात्र त्याच्यापेक्षा लहान आणि खालच्या उंचीवर.

मी इथली आवक-जावकेची कारकून. नाव यूस्निदार, पण कचेरीत सगळे 'बू यूस', म्हणजे यूसबाई, म्हणतात; साबिरीनला 'बांग', म्हणजे दादा, आणि साहेबांना 'पाक'. एप्रिलच्या पहिल्या बुधवारी एकाच टपालातून दोन पत्रं आली. एकात बांदा आचेहून लिहिलं होतं, नवा झेंडा कचेरीवर लावा. दुसरं राजधानी जकार्ताहून फिरत फिरत आलेलं. त्यात लिहिलं होतं, फुटीरांच्या खुणेचा झेंडा सरकारी इमारतीवर चालणार नाही, तपासणी पूर्ण होईपर्यंत लावू नका, लावणाऱ्यावर कारवाई होईल. मी एकावर १४७ नंबर टाकला, दुसऱ्यावर १४८. दोन्हींवर शिक्का मारला, दोन्हींखाली माझी सही. आज ना उद्या कुणीतरी ही सही माझ्याच नाकासमोर धरणार, हे मला तेव्हाच कळलं होतं.

आमचे साहेब, तालुकाप्रमुख पाक चामात झुल्फाद्ली, यांनी दोन्ही पत्रं वाचली. मग एकावर एक ठेवली. मग वरचं खाली आणि खालचं वर केलं. कॉफी संपवली आणि गालावर हात ठेवला.

"बू यूस, माझी अक्कलदाढ फार ठणकतेय हो. मेदानला जावं लागणार."

"परत कधी येणार, पाक?"

"ते सगळं दाढेवर आहे."

गाडीत बसता बसता त्यांनी साबिरीनच्या खांद्यावर हात ठेवला. "बांग साबिरीन, तुम्ही समजूतदार माणूस. कायद्याप्रमाणे करा."

"कुठल्या कायद्याप्रमाणे, पाक?" साबिरीननं विचारलं. पण काच वर गेली होती.

मोठी माणसं काखा वर करतात तेव्हा त्यांना काहीतरी दुखतच असतं. मी मनातल्या मनात त्या दाढेला लाखोली वाहिली आणि कामाला लागले.

दुसरा खांब मात्र आधीच उभा होता. कायदा झाल्याच्या आठवड्यातच पांग नासिरच्या माणसांनी हौसेनं सिमेंट ओतून तो उभा केला होता. पांग नासिर म्हणजे एके काळचा डोंगरातला म्होरक्या, आता त्याच माणसांच्या पक्षाचा इथला प्रमुख. तह झाल्यापासून पोट सुटलंय, पण बाजारातून चालत निघाला की अजूनही बाकावरची माणसं उठून उभी राहतात.

गुरुवारी तो स्वतः आला. हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी केलेला कोरा झेंडा.

"साबिरीन, सोमवारी सकाळी. तुमची परेड झाली की लगेच. दोरी तू ओढायचीस."

"मी, पांग?"

"मग कोण? बुस्तामीचा मेहुणा तू. ज्या माणसानं हा झेंडा चढवताना जीव दिला, त्याच्या घरचाच हात पाहिजे. आणि खांबाचं पुसिजुक माक तिहावा करील. तिच्या भावाचा मान आहे तो."

पुसिजुक म्हणजे पाणी, तांदूळ आणि पानांच्या जुडीनं थंडावा द्यायचा आमचा विधी. नवं घर असो, नवी मोटारसायकल असो, भांडून पुन्हा एक झालेली माणसं असोत, पुसिजुक झाल्याशिवाय काम पुरं होत नाही. गावात ते करणारी जाणती बाई म्हणजे तिहावा, साबिरीनची बायको; गाव तिला 'माक', म्हणजे आई, म्हणतं. बुस्तामी तिचा धाकटा भाऊ. बारा वर्षांपूर्वी, लढाईच्या दिवसांत, बाजाराजवळच्या विजेच्या खांबावर झेंडा चढवताना त्याला सैनिकांची गोळी लागली, असं सगळं गाव सांगतं. दर वर्षी पांग नासिरची माणसं त्याच्या कबरीवर दुवा वाचायला येतात आणि तिहावा त्यांना कॉफी देते.

"जी, पांग," साबिरीन म्हणाला. चेहऱ्यावर रंग म्हणून उरला नव्हता.

त्याच दुपारी लष्करी चौकीवरचा सार्जंट सुगेंग आला. माणूस जावा बेटावरचा, पण बायको आमच्याच गावची, त्यामुळे अर्धा जावई. स्टूल ओढून बसला, कॉफी मागितली, साखर जास्त सांगितली.

"बांग, नवा फोन घेतलाय. फोटो काय स्वच्छ येतात म्हणता!" त्यानं फोन साबिरीनच्या तोंडासमोर धरून एक फोटो काढलासुद्धा. "सोमवारी मी इथेच असेन. माझ्यावर रागावू नका हं. वरून एवढंच विचारलंय की दोरीवर हात कुणाचा होता."

तो हसत हसत गेला. साबिरीन त्याची कपबशी विसळायला गेला.

शुक्रवारी जुम्म्याचा नमाज झाल्यावर साबिरीन माझ्या टेबलाशी आला. सात वर्षांत पहिल्यांदा त्याच्या बुटांना पॉलिश नव्हतं.

"बू, जरा बघता का? कायद्यात कुठे लिहिलंय, दोरी कुणी ओढायची ते?"

मी दोन्ही पत्रं काढली, पत्रांसोबतचे कायद्याचे कागद काढले, आणि पहिल्या ओळीपासून वाचत गेले. कापडाची लांबी होती, रुंदी होती. काळ्या पट्ट्याची जाडी होती. कुठल्या इमारती, कुठले दिवस, किती वाजता चढवायचा, किती वाजता उतरवायचा, फाटला तर काय करायचं, सगळं होतं. हाताचं कुठेच काही नव्हतं.

"नाही लिहिलेलं."

"मग दोष लागला तर कुणाच्या हाताला लागणार?"

"ज्याचा हात असेल त्याच्या!" मी खेकसले. मला भीती वाटली की मी खेकसते, ही माझी जुनी खोड. मला लगेच स्वतःचीच लाज वाटली. मी खुर्ची पुढे केली, पण तो बसला नाही.

वाचता वाचता आणखी एक गोष्ट सापडली होती. दोन्ही खांबांची उंची सारखी होती. पांगच्या माणसांनी नवा खांब जुन्याला शेजारी धरून, डोळ्यांनी मोजून, अगदी बरोबरीचा उभा केला होता. कायदा म्हणत होता, प्रांताचा झेंडा खाली हवा. म्हणजे सोमवारी काही झालं, काही नाही झालं, तरी चूक आधीच जमिनीत सिमेंटसकट गाडलेली होती. मी मेदानला फोन लावला.

"मग कापा नवा खांब," पाक चामात तोंडात कापूस धरल्यासारखं बोलले.

"कापला तर पांग नासिर काय म्हणेल?"

"मग कापू नका."

"मग काय करू, पाक?"

"डॉक्टर आत बोलावतायत, बू यूस."

इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे साहेबांची दाढ. मी हे सगळं साबिरीनला सांगितलं. त्यानं दोन्ही खांब खालपासून वरपर्यंत न्याहाळले. मग म्हणाला, "नवा कापायचा नाही. जुना वाढवायचा."

शनिवारी कचेरी बंद असते. तरी मी गेले. घरी राहून तरी काय करणार होते? नुसतं भाताकडे बघत बसले असते. साबिरीननं लोहाराकडून दोन हात लांबीची नळी आणली होती. लाल-पांढऱ्याच्या खांबाच्या टोकावरची कप्पी काढायची, नळी बसवायची, कप्पी पुन्हा तिच्या टोकाला लावायची. त्यासाठी वर जायला हवं होतं.

साबिरीन तरुणपणी नारळ उतरवायचा, हे मला माहीत होतं. पण बावन्नाव्या वर्षी हा माणूस पायांत दोरीचा फास अडकवून लोखंडी नळीवर चढेल, असं मला वाटलं नव्हतं. रस्त्यापलीकडच्या कॉफीच्या दुकानात पांगचे दोन जण बसले होते. कुंपणाजवळ सार्जंट सुगेंग मोटारसायकल टेकवून उभा होता. साबिरीन वर गेला तसा खांब वाकला. मी खालून धरून ठेवला, जणू माझ्या धरण्यानं काही होणार होतं. वर तो पान्हा फिरवत होता आणि पान्ह्याचा प्रत्येक हिसका नळीतून माझ्या तळव्यांत उतरत होता.

"शाब्बास, बांग!" दुकानातून एक जण ओरडला. त्याला वाटलं, सोमवारची तयारी चाललीय. "शाब्बास!" सुगेंगही कुंपणावरून म्हणाला. त्याला वाटलं, लाल-पांढरा उंच होतोय. दोघांनीही वाहवा केली आणि साबिरीन आणखीच पांढराफटक पडला.

खाली उतरल्यावर तो खांबाच्या चौथऱ्यावर बसला. पायांतली दोरी सोडता येईना, म्हणून मीच सोडली.

"पुन्हा चढणार नाही, त्या झेंड्याला हात लावणार नाही म्हणालो होतो मी," तो म्हणाला. "कुराणावर हात ठेवून. तिहावासमोर."

"का, बांग?"

तेव्हा त्यानं सांगितलं. त्या दिवसांत मी मेदानला होते, त्यामुळे मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. संध्याकाळी डोंगरातली माणसं यायची. म्हणायची, साबिरीन, तुझ्यासारखा चढणारा दुसरा नाही, हा झेंडा विजेच्या खांबावर बांध. तो बांधायचा. पहाटे सैनिकांची गाडी यायची. म्हणायचे, इथे नारळ उतरवणारा कोण आहे? चढ, आणि उतरव ते. तो उतरवायचा. संध्याकाळी चढवणारा तोच, सकाळी उतरवणारा तोच. डोंगरातल्या माणसांनी गावात सांगून ठेवलं होतं, झेंडा उतरवणाऱ्याला सोडणार नाही. सैनिकांनी सांगून ठेवलं होतं, चढवणाऱ्याला सोडणार नाही.

"आणि दोघांनाही माहीत नव्हतं?"

"गाव गप्प बसलं. सतरा वेळा चढवला, बू. सतरा वेळा उतरवला." तो हसायला गेला, पण हसू काही आलं नाही. "अठराव्या वेळी बुस्तामी गेला."

तो उठून पान्हा पुसायला लागला. पुढचं मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं की नको, हे मला आजही ठरवता येत नाही.

रविवारी मी त्यांच्या घरी गेले. सोमवारच्या परेडसाठी धुऊन, इस्त्री करून ठेवायला साबिरीननं लाल-पांढरा झेंडा घरी नेला होता. तो नीट आहे ना बघायला आले, असं मी सांगितलं. खरं तर मला चैन पडत नव्हती. तिहावा मागच्या पडवीत मासे साफ करत होती. साबिरीन घरात नव्हता. सकाळपासून समुद्राकडे गेलाय, म्हणाली. जेवलेला नाही.

"माक, उद्याचं सामान काढलंत का?" मी विचारलं. पांगनं मला तसं विचारायला सांगितलं होतं आणि मी विचारलं. सरकारी नोकरी माणसाला अशी लाचार करते.

"कुठलं सामान?" तिनं सुरी खाली ठेवली. "त्या खांबाला मी पाणी शिंपडू? माझ्या भावाच्या नावानं?"

"पांग म्हणतो, शहिदाचा मान..."

"बुस्तामी झेंडा चढवत नव्हता, यूस."

ती माशाकडे बघत बोलत राहिली. त्या पहाटे सैनिक साबिरीनला न्यायला आले. आदल्याच दिवशी शेजारच्या गावात झेंडा उतरवणाऱ्या एकाला डोंगरातल्या माणसांनी उडवलं होतं. साबिरीन भेदरून कणगीमागे जाऊन बसला. तिहावा दारात गेली आणि म्हणाली, नवऱ्याला ताप आहे, उठवत नाही. तेवढ्यात बुस्तामी मासे द्यायला अंगणात आला. सैनिकांनी विचारलं, तुला चढता येतं? तो म्हणाला, येतं थोडंफार.

"थोडंफार," तिहावा म्हणाली. "कधी झाडावरून शहाळंसुद्धा काढलं नव्हतं त्यानं. मला वाचवायला म्हणाला तो. त्यांनी घरात शिरू नये म्हणून."

"मग गोळी?"

"सैनिक रस्त्यावर होते. गोळी आली ती भातखाचरांकडून."

म्हणजे ज्यांनी मारलं तेच दर वर्षी कबरीवर येऊन दुवा वाचत होते, आणि ही बाई त्यांना कॉफी देत होती, कारण बोलली असती तर आधी स्वतःचं खोटं सांगावं लागलं असतं.

"उद्या मी येणार नाही," ती म्हणाली. "आणि ह्यांनी दोरीला हात लावला तर ते या घरात परत येणार नाहीत. मी घालवीन म्हणून नाही. ते स्वतःच येणार नाहीत. मी ओळखते ना त्यांना."

मी घरी आले ती पाय ओढत. दोरी ओढली तर सुगेंगच्या फोनमध्ये हात, आणि मग कुठली कोठडी, कुठली चौकशी. नाही ओढली तर पांगची तीस माणसं विचारणार, बुस्तामीच्या मेहुण्याला झेंड्याची लाज का वाटते? आणि या दोन्हींच्या वर, कुराणावर ठेवलेला हात. मी सुटकेची वाट शोधत होते. वही काढून 'दोरी तुटल्यामुळे' असा शेरासुद्धा लिहून बघितला. मग पान फाडून टाकलं. दोरी नवी कोरी होती, सगळ्या गावानं पाहिली होती.

सोमवारी पावणेआठला परेड. आम्ही अकरा जण रांगेत, साहेबांची जागा रिकामी. साबिरीन आला. दाढी केलेली, बुटांना पॉलिश. माणूस शेवटच्या प्रवासाला निघाल्यासारखा नीटनेटका झाला होता. त्यानं लाल-पांढरा झेंडा चढवला. वाढवलेल्या नळीच्या टोकापर्यंत तो व्यवस्थित गेला. आम्ही राष्ट्रगीत म्हटलं. माझ्या तोंडातून शब्द निघत होते, कान मात्र फाटकाकडे होते.

बदामाच्या झाडाखाली पांगची माणसं जमली होती. मी मोजली नाहीत, पण तिसांच्या खाली नक्कीच नव्हती. पेरूच्या झाडाशी सार्जंट सुगेंग, हातात फोन. आज तो हसत नव्हता.

परेड सुटली, पण कुणी हललं नाही. पांग नासिर पुढे आला आणि प्लास्टिकची पिशवी फाडून झेंडा साबिरीनच्या हातांत दिला.

"माक कुठे आहे?" त्यानं विचारलं.

"येणार नाही म्हणाली," साबिरीन म्हणाला.

"का?"

साबिरीननं झेंडा उलगडला. दुसऱ्या खांबाशी गेला आणि झेंड्याची वरची गाठ मारू लागला. ज्या माणसानं काळोखात, विजेच्या तारांपाशी लटकून गाठी मारल्या, त्याला जमिनीवर उभं राहून एक गाठ जमेना. तीनदा सुटली. चौथ्यांदा बसली. सुगेंगनं फोन डोळ्यांपर्यंत उचलला. पांगनं आपली काळी टोपी नीट केली. साबिरीननं दोरीवर हात ठेवला आणि त्याचे डोळे मला दिसले. त्यांत राग नव्हता, विचार नव्हता. हे आटोपलं की सगळंच आटोपेल, एवढंच त्यांत दिसत होतं. 'बांग, नको!' असं मी ओरडायला हवं होतं. आवक-जावकेची वही मी छातीशी धरून ठेवली होती आणि तिच्याआड लपल्यासारखी उभी होते.

तेवढ्यात फाटक वाजलं. तिहावा आत येत होती. डोक्यावर पांढरी ओढणी, हातांत पितळी तबक, तबकावर भरतकामाचं झाकण.

"या माक, या!" पांगचा चेहरा खुलला. माणसांनी वाट दिली.

तिनं तबक बाकावर ठेवलं आणि दुसऱ्या खांबाशी आली. खांबाकडे मात्र तिनं पाहिलं नाही.

"पांग, ज्याच्या नावानं करायचं त्याची गोष्ट आधी खरी सांगायला नको का?"

"खरीच आहे की, माक. बुस्तामी झेंडा चढवताना..."

"उतरवत होता."

झाडाखाली कुजबूज झाली आणि लगेच थांबली. तिहावाचा आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू जात होता. कणगी, खोटा ताप, मासे घेऊन आलेला भाऊ, सगळं तिनं सांगितलं. साबिरीनचं नाव घेताना थांबली नाही आणि स्वतःचं नाव घेताना तर मुळीच नाही. "दारात उभी राहून खोटं बोलले ती मी. ह्यांनी मला बोल म्हणून सांगितलं नव्हतं."

मग ती पांगकडे वळली. "सैनिक रस्त्यावर होते. गोळी भातखाचरातून आली. तिथं कोण होतं, हे मी बारा वर्षं विचारलं नाही. आज विचारते."

मी चार पावलांवर होते, म्हणून मला ऐकू आलं. झाडाखाली पोहोचलं असेल असं वाटत नाही.

"लांब होतं, माक," पांग नासिर म्हणाला. "पाठ दिसत होती नुसती. आणि झेंडा खाली येत होता."

"कधी कळलं तुम्हाला?"

"चार दिवसांनी."

"आणि मग शहीद केलंत त्याला."

"दुसरं काय करणार होतो मी?" हे मात्र तो मोठ्यानं बोलला. जन्मात पहिल्यांदा मला त्या माणसाची कीव आली, आणि कीव आली म्हणून स्वतःचा संताप आला.

सुगेंगनं फोन केव्हा खाली केला, माझं लक्ष नव्हतं. पांग पुढे झाला. साबिरीनचा हात अजून दोरीवरच होता, घट्ट. पांगनं त्याची बोटं एकेक करून सोडवली. गाठ सोडली. झेंड्याची घडी करायला गेला, ती वाकडीतिकडी झाली. त्याचा एक माणूस मदतीला आला, त्याला त्यानं कोपरानं ढकललं आणि झेंडा तसाच काखेत मारला. बदामाखालची माणसं एकमेकांकडे बघत राहिली.

तिहावानं झाकण काढलं. नवऱ्याला बाकावर बसवलं, त्याचे दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवायला लावले. तांदूळ-साळीची मूठ त्याच्या डोक्यावरून टाकली. पानांची जुडी पाण्यात बुडवून आधी उजव्या तळहातावर शिंपडली, मग डाव्या. साबिरीन रडत होता. एवढा बावन्न वर्षांचा, गणवेशातला माणूस, आम्हा सगळ्यांदेखत. तिनं चिकट भाताची चिमूट त्याच्या उजव्या कानामागे लावली, लेकराला लावतात तशी.

"झालं," ती म्हणाली. "उठा."

पांग नासिर अजून तिथेच होता. त्यानं टोपी काढली. झेंडा काखेतून पडेल म्हणून कोपर दाबून धरलं आणि दोन्ही हात पुढे केले, भांडण मिटवायला बसलेली माणसं करतात तसे.

"माक, माझ्यावर?"

तिनं त्याच्या हातांकडे पाहिलं. मग वाटीत उरलेल्या पाण्याकडे पाहिलं. मला वाटलं, शिंपडेल. खरं सांगते, मला वाटलं, शिंपडावं. त्याशिवाय हे गाव कसं चालणार, असं माझ्या मनात आलं.

"हे पाणी मी एकाच माणसापुरतं आणलं होतं," ती म्हणाली.

तिनं तबकावर झाकण घातलं आणि ती फाटकाकडे निघाली. साबिरीन उठून तिच्या मागून गेला. त्याच्या केसांत तांदळाचे दाणे होते आणि ओले हात तो अंगापासून लांब धरून चालत होता. पांगचे हात काही वेळ तसेच पुढे राहिले. मग त्यानं ते मागे घेतले.

सव्वाआठ झाले होते. कामाच्या वेळात, न विचारता, साबिरीन फाटकाबाहेर गेलेला मी पहिल्यांदाच पाहिला. मी आत गेले, हजेरीपुस्तक उघडलं आणि त्याच्या नावापुढे 'हजर' लिहिलं.